सहाव्या रिंगला उचलणारा डबा

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो – मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि चालू झालं तर त्यालाही असतं. वायर तुटलेली असते, फ्यूज उडालेला असतो, नाहीतर कुणीतरी कळ दाबलेली असते. चकवा, भूतबाधा, अमावस्या असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचो. या सदरात लोक जे लिहितात तेही मी गंमत म्हणूनच वाचत आलो, हे आधीच सांगून टाकतो. आज मीच लिहायला बसलोय... तेव्हा कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

गोष्ट माझ्या वडिलांची आहे. चार-पाच वर्षं झाली. बायको आणि एक मित्र सोडला तर कुणाला हे नीट सांगितलेलं नाही.

आम्ही मूळचे तासगावकडचे. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि त्यांनी सांगलीत विश्रामबागला, कॉलेजच्या मागच्या अंगाला, तीन खोल्यांचं घर बांधलं. पुढे लहानसा पोर्च, पोर्चात एक दिवा, मग दोन पायऱ्या आणि लोखंडी गेट. भिंतीला भिंत लागून माळींचं घर. माझी नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत, आणि राहायला गोडोलीत भाड्याच्या दोन खोल्या – मी, बायको मंगल आणि दोन मुली. आई होती तोवर आबांची काळजी अशी वाटलीच नाही. आई गेली आणि आबा त्या घरात एकटे राहिले.

दिवसपाणी आटोपल्यावर मी त्यांना विचारलं, "आबा, चला आता साताऱ्याला."

"नगं," ते म्हणाले. "तुमच्या दोन खोल्यांत मी आनि कुठं मावतोय? हितं मला काय धाड भरलीय?"

आपल्याकडे पंगतीत माणूस पहिल्यांदा 'नको' म्हणतो, तो पोट भरलं म्हणून नाही. वाढणाऱ्यानं पुन्हा म्हणायचं असतं, वाटी झाकणारा हात बाजूला करायचा असतो, रागवायचंही असतं थोडं. तेव्हा कुठे तो 'बरं, अर्धी' म्हणतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. लग्नाकार्यात परक्या माणसांना मी असा आग्रह कितीदा केलाय. आबांना मात्र एकदाच विचारलं. ते नगं म्हणाले, आणि मला – खोटं कशाला लिहू – हायसं वाटलं. दोन खोल्या, मोठीची दहावी, मंगलचा दमा... कारणं सगळी खरी होती. तरी हायसं वाटलं, हेही खरंच.

पुढच्या वर्षी त्यांची नजर कमी व्हायला लागली. काचबिंदू. दिवसा चालायचं, पण संध्याकाळ झाली की पायरी दिसायची नाही. एकदा गेट लावायला गेले आणि पोर्चच्या पायरीवरून पडले. हाड मोडलं नाही, नुसतं खरचटलं. माळीकाकूंनी कारखान्यात फोन करून कळवलं. मी रविवारी गेलो तर आबा म्हणाले, "अंधारात दिव्याचं बटनच सापडंना बग. भिंत चाचपत हुतो."

म्हणजे दिवा अंधार पडायच्या आत लागायला हवा, आणि रोज कुणीतरी आबांची खबर घ्यायला हवी. ह्या दोन गोष्टी. मी त्यांच्याकडे मेंटेनन्सचं काम आल्यासारखं पाहिलं.

आमच्याकडे इन्स्ट्रुमेंटेशनला जाधव म्हणून माझा मित्र आहे. घरी टेबलावर सोल्डरिंगचा धूर काढत बसायचा, त्याला तोच शौक. कॅन्टीनमध्ये मी त्याला अडचण सांगितली. त्यानं बशीतला चहा बाजूला सारून तिथंच बोटानं टेबलावर चित्रं काढली.

"हे बघ सदा, एक म्हणजे साधा टायमर. सहा वाजले की दिवा लागणार. पण लाइट गेली की टायमर मागं पडतो, मग रात्री नऊला दिवा लावत बसेल. दुसरं म्हणजे घंटी. आबांच्या कॉटजवळ बटण, आणि वायर थेट माळींच्या घरात. काही झालं की दाबलं. माझं ऐकशील तर घंटी लाव गड्या."

"आणि तिसरं?"

तिसरं सांगताना त्याचा चेहराच बदलला. फोनवर चालणारा डबा. आबांच्या फोनला एक डबा जोडायचा. घरातला दिवा, पंखा, पाण्याची मोटर त्या डब्यातून. साताऱ्याहून मी फोन लावायचा. आबांनी नाही उचलला तर सहाव्या रिंगला डबा स्वतः फोन उचलणार. मग मी एक दाबलं की पोर्चचा दिवा, दोन दाबलं की पंखा, तीनला मोटर. काम झालं की डबा लांब 'पीऽऽ' असा आवाज देणार. आणि ते आधीच चालू असेल तर दोन बारके आवाज – 'पिप पिप'. परदेशात घरं अशी चालतात म्हणे.

मी डबा निवडला.

घंटी लावली असती तर काय झालं असतं हे मला तिथंच कॅन्टीनमध्ये दिसलं होतं. आबा घंटी दाबणार, माळीकाकू धावणार, मग मला फोन करणार, आणि मी रजा टाकून सांगलीची एसटी पकडणार. घंटी माणसांना बोलावते. डबा कुणालाच बोलावत नाही. शिवाय नवीन मशीनचं आम्हा लोकांना वेड असतं, तेही होतंच. जाधवनं विचारलं होतं, "आत बॅटरी टाकू? म्हणजे लाइट गेली तरी चालेल." मी नको म्हणालो. बॅटरी म्हटली की तिच्यात पाणी घाला, ॲसिड सांभाळा... कोण करणार तिथं?

एका रविवारी आम्ही दोघं जाऊन डबा बसवून आलो. बुटाच्या खोक्याएवढा, राखाडी, वर चार मोठी बटणं, तीन चालू करायची आणि एक सगळं बंद करायचं – म्हणजे आबांना हातानंही दिवा लावता यावा. निघताना जाधवनं बजावलं, "आबा, वळवाचा पाऊस आला, विजा चमकायला लागल्या, की मेनचा किटकॅट काढून ठेवायचा. नुसता मेन स्विच पाडून भागणार नाही. वीज लाइनीतून आत येते, डबा जळून जाईल."

किटकॅट म्हणजे मीटरशेजारचा तो चिनी मातीचा फ्यूज, हातानं ओढून काढायचा. आबांच्या घरी मीटरचं बोर्ड मधल्या दारावर उंच होतं. स्टूल घ्यावं लागायचं.

"ऑर्डर म्हंजे ऑर्डर," आबा म्हणाले. मी तिथंच उभा होतो. स्टुलाचा विचार माझ्या मनातही आला नाही. मी डब्याचा विचार करत होतो.

पहिले काही दिवस आबाच फोन उचलायचे. "हां सदा. बरं हाय. जेवलो. ठेव आता, मीटर पडतंय." मग हळूहळू त्यांनी उचलायचं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "मी उचलल्यावर तुज्या डब्याला काम काय ऱ्हायलं? मी खुर्ची घिऊन पोर्चात बसतो. आत फोन वाजतो, मी रिंगा मोजतो, आनि खट्कन दिवा लागतो बग! म्हाळू माळ्याला दाखीवला. म्हनलं, ह्यो दिवा सदा साताऱ्यासनं लावतो."

सगळ्या गल्लीला त्यांनी ते दाखवलं होतं. संध्याकाळी पोर्चात दिवा लागला की लोक म्हणायचे, आला सदाचा फोन.

माझ्या घरी फोन नव्हता. गोडोलीच्या चौकात शोभाताईंचं एसटीडी बूथ होतं, ड्यूटीवरून येताना मी तिथं थांबायचो. काचेच्या खोक्यात शिरायचं, नंबर लावायचा, सहा रिंग ऐकायच्या. मग खट् असा आवाज, बारीक घूंऽऽ अशी गुणगुण – ती डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरची – आणि मी एक दाबायचो. पीऽऽ. फोन ठेवायचा. संपलं. दहा-बारा सेकंदांचं काम. शोभाताई चेष्टा करायच्या, "लोकं बायकोशी भांडायला फोन करतात, तुम्ही दादा दिव्याशी बोलता."

"दिवा उलट बोलत नाही ताई," मी म्हणायचो.

आधी मी महिन्यातून दोनदा सांगलीला जायचो. डबा बसवल्यावर एकदा. नंतर तेही जमेना. रोज तर फोन करतोच, असं स्वतःला सांगायचो. पण तो फोन नव्हताच. आबांचा आवाज मी शेवटचा कधी ऐकला, हे मला आज सांगता येत नाही. होळीला का गुढीपाडव्याला?

मे महिना होता. आबांकडे घरकामाला येणारी हिराबाई माण तालुक्यातली, ती भावाकडच्या लग्नाला गावी गेली होती. एका दुपारी सांगलीकडे वळीव झाला. साताऱ्यातही आभाळ भरून आलं, पण पडलं नाही. मी नेहमीसारखा बूथवर गेलो. सहा रिंग झाल्या, खट् आवाज आला, एक दाबलं.

पिप पिप.

दिवा आधीच लागलेला. मी म्हटलं, अंधारून आलं असेल, आबांनी हातानं लावला. शोभाताईंना म्हणालोसुद्धा, "आज आमच्या आबांनी नंबर लावला आधी." लाइन त्या दिवशी अगदी स्वच्छ होती. गुणगुण नव्हती. पाऊस पडून गेल्यावर लाइनी साफ होतात, असं काहीतरी मनाशी ठरवलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशीही पिप पिप. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ऊन होतं लख्ख. मी बूथमधून बाहेर आलो आणि उगाच थोडा वेळ उभा राहिलो. शोभाताईंनी विचारलं, "काय हो, लागला नाही का?"

"लागलेलाच आहे."

"मग बरंय की."

मलाही वाटलं, बरंय की. मंडईतून मुलींसाठी आंबे घेतले आणि घरी गेलो.

चौथ्या दिवशी सकाळी कारखान्यात माळीकाकांचा फोन आला. हिराबाई गावाहून परत आली होती, दार आतून बंद. हाका मारून मारून शेवटी काकांनी आणि गल्लीतल्या दोघांनी दार फोडलं.

आबा मधल्या दारात होते. स्टूल आडवं पडलेलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मी पोहोचलो तोवर त्यांना बाहेर आणून चादर घातली होती. किटकॅट त्यांच्या उजव्या हाताजवळ जमिनीवर पडला होता, फुटला नव्हता. त्यांनी तो काढला आणि उतरताना पडले. वीज चमकल्यावर. ऑर्डर म्हणजे ऑर्डर.

तेव्हा माझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही. माणसं येत होती, रडत होती. मंगल मुलींना घेऊन दुपारी आली. सगळं आटोपून आम्ही माळींच्या ओसरीवर बसलो होतो. माळीकाकू माझ्यासमोर बसून डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "आवं सदाभाऊ, आमास्नी काय म्हाईत? दिवा लागंना, तवा म्या ह्यांस्नी म्हनलं, आबा गेलं वाटतं साताऱ्याला."

"दिवा लागत होता काकू," मी म्हणालो.

"न्हाई वो. तीन दिस अंधार हुता."

"काकू, मी रोज फोन केलाय. दिवा चालू होता."

"आता तुमास्नी कसं सांगू!" त्या जवळजवळ चिडल्याच. "भिताडाला भिताड हाय आमचं. पावसाच्या दिशी लाईट गेली ती आमची घटकाभरानं आली. आबांचं घर अंधारातच. म्या म्हनलं, गेलं. सदाभाऊ न्यायला आलं आसतील, पावसात आमाला दिसलं न्हाईत."

माळीकाका खालमानेनं बसले होते. ते म्हणाले, "आबाच सांगत हुतं ना. पोरींना मेची सुट्टी लागली की सदा न्यायला येनार हाय म्हनून. दोन-चार येळा बोललं आमास्नी. म्हनून वाटलं..."

मी असं काही म्हणालो नव्हतो. आईच्या दिवसांनंतर तो विषय मी कधी काढलाच नव्हता. मंगल माझ्याकडे पाहत होती. मी खाली बघितलं.

नंतर मी विचारलं, "काकू, फोन वाजत होता का घरात?"

"वाजला की. रोज वाजतो तसाच वाजला. आनि सा रिंगा झाल्यावर बंद झाला. रोजच्यावानी. म्हनलं, दुसऱ्या कुनाचा आसंल."

तेव्हा कुठे माझ्यातला मेंटेनन्सचा माणूस जागा झाला. किटकॅट काढलेला. घरात करंट नाही. बॅटरी नाही, कारण मीच नको म्हणालो होतो. मग सहाव्या रिंगला फोन उचलला कुणी?

रिसीव्हर जागेवर होता. डबा जागेवर होता, थंडगार. मी झाकण उघडून पाहिलं, कुठं जळलेलं नाही, काही सुटलेलं नाही.

बाराव्यानंतर मी जाधवला घेऊन सांगलीला गेलो. भर दुपारी. किटकॅट काढलेलाच ठेवला. जाधव कोपऱ्यावरच्या बूथवर गेला आणि त्यानं नंबर लावला. मी आत फोनसमोर बसलो. सहा रिंग झाल्या, सात झाल्या, वाजतच राहिला, शेवटी आपोआप कटला. पुन्हा तसंच. मग मी त्याच स्टुलावर चढून किटकॅट बसवला. आता सहाव्या रिंगला डब्यात खट् झालं, ट्रान्सफॉर्मर गुणगुणला, आणि पोर्चात दिवा लागला. जसं व्हायला हवं तसं, शंभर टक्के.

जाधव परत आला आणि पायरीवर बसला. "कंडेन्सरमध्ये थोडा चार्ज राहतो," तो म्हणाला.

"तीन दिवस?"

"नाही. चार-पाच सेकंद." थोड्या वेळानं म्हणाला, "एक्स्चेंजची गडबड असेल. पावसानं राँग नंबर लागला असेल."

"रोज तोच राँग नंबर? आणि तिथंही सहाव्या रिंगला उचलून पिप पिप करणारा डबा?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सदा, रागावू नकोस. माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं कधी कधी."

"शोभाताईंच्या मीटरलाही ऐकायचं होतं का?"

कारण तेही मी विचारून आलो होतो. एसटीडीचं मीटर समोरच्यानं फोन उचलल्याशिवाय पडत नाही. शोभाताई म्हणाल्या, रोज पडलं. तुम्ही रोज बिल देऊन गेलात, सुट्ट्या पैशांवरून आपलं बोलणं झालं, विसरलात का?

जाधवनं डबा सोडवला आणि सोबत घेऊन गेला. त्यानं तो पूर्ण मोकळा करून तपासला. नंतर मला म्हणाला, "काही सापडलं नाही, आणि मी पुन्हा असलं काही बनवणार नाही." त्याच्याशी माझी मैत्री आजही आहे, पण कॅन्टीनमध्ये आम्ही हल्ली हवापाण्याचंच बोलतो.

ज्या डॉक्टरांनी आबांना पाहिलं त्यांना मी एकदा गाठलं. ते सांगायला तयार नव्हते. मीच मागे लागलो. शेवटी म्हणाले, "लगेच गेले नसावेत. खुब्याचं हाड मोडलं होतं, उठता आलं नसेल. ती रात्र तरी काढली असावी. त्यापुढचं मला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका."

म्हणजे पहिल्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा आबा जिवंत होते. त्याच घरात, फोनपासून एका खोलीच्या अंतरावर. त्यांनी रिंगा ऐकल्या असतील. सहावी झाल्यावर आवाज थांबला, तोही ऐकला असेल. मग दिवा लागायची वाट पाहिली असेल का त्यांनी? हाक मारली असेल का? काकूंना ऐकू आली नाही. पावसाचा आवाज होता, आणि त्यांचा टीव्ही होता.

नातेवाइकांना हे थोडंफार कळलं तेव्हा सगळ्यांनी मला एकच सांगितलं. आत्या म्हणाल्या, "आरं, बापाची माया. पोराच्या जिवाला घोर नको म्हनून जाता जाता बी बरं हाय म्हनून कळवलं त्यानं." मंगलही तसंच म्हणते. ती मनापासून म्हणते, माझं मन हलकं व्हावं म्हणून. मी मान हलवतो. पण ती बोलायला लागली की मला खोलीतून उठून जावंसं वाटतं. फोन नुसता वाजत राहिला असता, कुणी उचलला नसता, तर त्याच रात्री मी गाडी धरून गेलो असतो – गेलो असतो, एवढं तरी मला माझ्याबद्दल वाटू द्या. मग ज्यानं तो उचलला त्यानं माझ्यावर माया केली की मला शिक्षा दिली?

आबांचा फोन मी लगेच बंद केला नाही. घर कुलूपबंद, डबा काढलेला, नुसता फोन भिंतीशी. पाऊसकाळभर मी रोज ड्यूटीवरून येताना बूथवर जायचो आणि नंबर लावायचो. वाजत राहायचा. मीटर पडायचं नाही. शोभाताई पैसे मागायच्या नाहीत, चेष्टाही करायच्या नाहीत. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "दादा, उचलला तर काय बोलणार आहात?"

मी काचेच्या खोक्यात रिसीव्हर धरून उभा होतो. आणि मला पहिल्यांदाच कळलं... डब्यानं फोन उचलला की लाइन उघडीच असायची. दोन्ही बाजूंनी. जाधवनंच तशी ठेवली होती, दाबलेल्या आकड्याचा टोन पलीकडे जायला हवा म्हणून. मी बोललो असतो तर तिकडे काही ऐकू गेलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण इतक्या महिन्यांत मी त्या रिसीव्हरमध्ये एक शब्द बोललो नव्हतो. त्या तीन संध्याकाळीही नाही. गुणगुण नव्हती, लाइन स्वच्छ होती, पलीकडे कुणीतरी फोन उचलून धरला होता, आणि मी 'आबा' एवढंसुद्धा म्हणालो नाही. मी एक दाबलं. एक म्हणजे दिवा. ज्यानं कुणी उचलला, त्यानं मला दिव्याचं उत्तर दिलं, कारण मी दिव्याचंच विचारलं होतं.

मी रिसीव्हर ठेवला आणि घरी गेलो. दिवाळीनंतर तो नंबर सरेंडर करून टाकला.

तीन दिवस करंट नसलेला डबा फोन कसा उचलत होता, हे मला माहीत नाही. मेंटेनन्सच्या माणसानं असं लिहिणं बरं नव्हे, पण माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कळलं तर कळवू नका, असंच म्हणेन. कारण नुसता फॉल्ट निघाला, तर त्या संध्याकाळी पलीकडे कुणीच नव्हतं असं होईल. आणि नाही निघाला, तर कुणीतरी होतं.

दोन्हीपैकी काय खरं निघालेलं मला हवंय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.